लॉक बोल्टची चावी हरवली, आता चाक कसं काढायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिपळूणच्या एका गृहस्थांनी पुण्याहून फोक्सवॅगनची जुनी व्हेंटो घेतली. मागच्या डाव्या चाकात खिळा गेला आहे आणि हवा रोज उतरते. स्टेपनी लावायला घेतली तर पाचपैकी चार बोल्ट सुटले. पाचव्याचं डोकं मात्र गोल आणि आत नक्षी कोरलेलं, त्यावर पाना बसेना. हा लॉक बोल्ट, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला, खास चावीनेच सुटणारा बोल्ट. त्याची चावी गाडीत सापडत नाही आणि आधीचा मालक फोन उचलत नाही. टायरवाला म्हणतो, ‘वेल्डिंग मारून काढतो, अलॉयला थोडा डाग पडेल.’ तर काय करावं?

सगळ्यात आधी ते सोडलेले चार बोल्ट परत बसवा आणि नीट आवळा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. चाक हबवर, म्हणजे ते ज्या फिरत्या भागावर बसतं त्यावर, दाबून धरायचं काम पाचही बोल्ट मिळून करतात. चार काढले की सगळा भार पाचव्यावर जातो. त्यात चाक किंचित कलतं आणि त्या बोल्टवर आडवं रेलतं. आधीच अडकलेला बोल्ट तुम्ही स्वतःच्या हाताने आणखी अडकवता. उलट शेजारचे चार व्यवस्थित आवळलेले असले तर पाचव्यावरचा ताण थोडा हलका होतो. म्हणून लॉक बोल्ट काढताना पहिला काढायचा आणि लावताना शेवटी आवळायचा. हा क्रम बहुतेक टायरच्या दुकानांत पाळला जात नाही, आणि निम्मी भानगड तिथेच सुरू होते. आणि एका बोल्टवर गाडी हलवू नका, गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमची घाई पंक्चरची आहे, बोल्टची नाही. व्हेंटोचे टायर ट्यूबलेस असतात, आणि ट्यूबलेसचं पंक्चर काढायला चाक उतरवावं लागत नाही. गाडी थोडी पुढेमागे करून खिळा हाताला येईल असा आणा. नाहीतर मागची बाजू जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवा. मग खिळा उपटायचा, भोक कानशीने साफ करायचं, स्ट्रिपला सोल्युशन लावून आत खुपसायची, वर आलेलं शेपूट कापायचं आणि हवा भरायची. कोणताही पंक्चरवाला हे चाक गाडीवर असतानाच करून देतो. फक्त खिळा टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यात हवा. बाजूच्या भिंतीत असेल तर स्ट्रिप चालत नाही आणि टायर उतरवावाच लागतो. खिळा पट्ट्यातच असेल तर तासाभरात गाडी रस्त्यावर येते, आणि बोल्टचं काम शांतपणे, योग्य जागी, योग्य हत्यारांनी करायला तुम्हाला हवे तेवढे दिवस मिळतात. लॉक बोल्टवर जी चाकं बरबाद होतात ती बहुतेक अशा घाईतच होतात: रस्त्याच्या कडेला, अंधार पडत असताना, जो भेटेल त्याच्या हातून.

आता चावी शोधू. ती खरंच हरवलेली असते असं फार कमी वेळा होतं. बहुतेकदा ती गाडीतच असते, पण तिला ओळखलेलं नसतं. लोक चावी म्हणून कुलपाच्या किल्लीसारखं काहीतरी शोधतात. ती असते अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा: एका टोकाला नक्षी, दुसऱ्या टोकाला पाना बसेल असं षटकोनी डोकं. फोक्सवॅगनच्या पुस्तकात तिला ॲडॅप्टर म्हटलंय. डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा, स्टेपनीखालच्या खड्ड्यात हात फिरवा. जॅक ज्या फोममध्ये किंवा पिशवीत असतो त्याचे सगळे कप्पे उघडा. मग ग्लोव्ह बॉक्स, पुढच्या सीटखाली, दाराचे कप्पे, हँडब्रेकशेजारचा खण आणि कागदपत्रांचा पाऊच बघा. टूलकिटमधला व्हील पाना हातात घेऊन त्याच्या तोंडात डोकवा. चावी पान्यातच अडकून राहिलेली असते आणि बाहेरून दिसत नाही, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

गाडीत नसेल तर ती शेवटच्या टायरवाल्याकडे असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. चारही चाकं काढून झाली की चावी गनच्या (बोल्ट झटक्यांनी फिरवणाऱ्या मशीनच्या) गोटीत, म्हणजे बोल्टवर बसणाऱ्या सॉकेटमध्ये, राहते, गाडी निघून जाते, आणि संध्याकाळी कुणीतरी ती एका डब्यात टाकतं. असा बेवारशी चाव्यांचा डबा जवळजवळ प्रत्येक जुन्या टायरच्या दुकानात असतो. गाडीच्या फाइलमधली बिलं चाळा आणि शेवटचं अलाइनमेंट, बॅलन्सिंग किंवा ब्रेक पॅडचं काम कुठे झालं ते पाहा. बिल नसेल तर काचेवरचं किंवा बॉनेटखालचं सर्व्हिसचं स्टिकर बघा. त्या दुकानाला फोन करून गाडीचा नंबर सांगा. आधीच्या मालकालाही कॉलऐवजी अशा चावीचा नेटवरचा एक फोटो आणि दोन ओळी पाठवा. अनोळखी नंबर न उचलणारा माणूस फोटो बघून उत्तर देतो, कारण तेव्हा त्याला आठवतं की असली एक वस्तू घरातल्या ड्रॉवरमध्ये पडली आहे.

शोधाशोध चालू असताना बोल्टही नीट बघून ठेवा. प्लास्टिकची टोपी काढा, जुना टूथब्रश आणि थोडं डिझेल घेऊन डोकं स्वच्छ करा, टोकदार सुईने नक्षीतली माती कोरून काढा. चिपळूणची लाल माती आणि ब्रेकची काळी पूड मिळून या खाचांत सिमेंटसारखी बसते. मग मोबाइलचा टॉर्च लावून समोरून सरळ एक स्पष्ट फोटो काढा. पुढे शोरूमला किंवा कारागिराला हाच फोटो लागतो. डोक्याभोवती बाहेरून एक कडं आहे का आणि ते बोटाने गरगर फिरतं का, हेही बघा. ते महत्त्वाचं का, ते खाली येईल. बाकी तीन चाकांचे लॉक बोल्टही तपासा. चारही सारखे असतील तर संच एकच. एखादा वेगळा निघाला तर मधे कुणीतरी खटपट केलेली आहे.

फोटो घेऊन शोरूमच्या सर्व्हिस विभागाशी बोला. कंपनीने बसवलेल्या लॉक बोल्टच्या नक्ष्या ठरावीक असतात. प्रत्येक नक्षीला कोड असतो आणि तो ॲडॅप्टरच्या तोंडावर ठोकलेला असतो. कोड माहीत असेल तर नवा ॲडॅप्टर मागवता येतो. कोड माहीत नसेल तर मोठ्या वर्कशॉपमध्ये सगळ्या नक्ष्यांच्या ॲडॅप्टरची पेटी असते. एकेक लावून बघतात आणि बसला की तिथल्या तिथे बोल्ट काढून देतात. जाताना आरसी बुक आणि ओळखपत्र न्या. मागतीलच, आणि मागायलाच हवं. निघण्याआधी फोन करून पेटी त्यांच्याकडे आहे ना, हे विचारा. कुंभार्ली घाट चढून गेल्यावर ‘पेटी दुसऱ्या शाखेत आहे’ असं ऐकायला लागू नये.

बोल्ट कंपनीचा नसून आधीच्या मालकाने बाहेरून लावलेला असेल तर शोरूमचा उपयोग नाही. मॅकगार्डसारख्या नावाजलेल्या अमेरिकन कंपनीचा संच असेल तर चावीचा कोड संचाबरोबरच्या कार्डावर असतो, आणि कोडावरून दुसरी चावी मागवता येते. ते कार्ड अनेकदा गाडीच्या मॅन्युअलमध्ये घातलेलं सापडतं. बाजारातल्या बिननावाच्या संचाची दुसरी चावी मिळेल ही आशा सोडा आणि सरळ काढायच्या तयारीला लागा.

आता चावीशिवाय काढायचं काम. इथे मी सविस्तर लिहितो, कारण चांगलं चाक वाचतं ते इथेच, आणि बिघडतंही इथेच.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर हवी. टायरमध्ये हवा भरलेली, चाक जमिनीला टेकलेलं, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला आणि समोरच्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे. जॅकवर उचललेल्या गाडीच्या बोल्टवर हातोडा मारणं किंवा लांब दांडा ओढणं म्हणजे गाडी अंगावर घेणं. यात सूट नाही. डोळ्यांना चष्मा घाला. कडक पोलादावर हातोडा पडला की कपची उडते आणि ती दिसतसुद्धा नाही.

आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा, पण कुठे मारता ते बघा. व्हेंटोत स्टड (हबमधून बाहेर आलेले आट्यांचे खुंट) नसतात, बोल्ट थेट हबच्या आट्यांत जातो. गंज धरतो तो आट्यांत आणि बोल्टच्या डोक्याखालच्या बैठकीत. डोक्यावर फवारून काही होत नाही. डोकं आणि अलॉय यांच्या फटीत नळी लावून थोडंसं सोडा. पुढच्या चाकाला हबच्या मागच्या बाजूने बोल्टचं टोक दिसत असेल तर तिथेही सोडा. ब्रेकच्या डिस्कवर थेंबही जाऊ देऊ नका. मागे ड्रम आहे, तिथे आत तेल गेलं तर लायनर खराब होतील, म्हणून मागे हात राखूनच.

मग शेजारचे चार बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे पिळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने, १२० न्यूटन मीटरला आवळून घ्या. फार चिवट वाटलं तर १३०, त्यापुढे नाही. टॉर्क पाना नसेल तर हिशोब सोपा आहे: ४० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण ३० किलोचा जोर म्हणजे जवळपास १२०. याउलट, १ मीटरचा पाइप घालून ७० किलोचा माणूस त्याच्या टोकावर उभा राहतो तेव्हा ६८०-६९० न्यूटन मीटर पडतात, म्हणजे गरजेच्या पाचपटीहून जास्त. चाक आवळताना पाइपवर उभं राहणारा मुलगा तुम्ही रोज बघता. तुमचा बोल्ट अडकला आहे तो बहुधा त्याच्याच कृपेने, किंवा गनच्या.

पहिला आणि सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे हातोड्याने गोटी चढवणं. बोल्टच्या गोल डोक्याचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. त्याहून अर्धा ते एक मिलिमीटर लहान, १२ कोनांची गोटी घ्या. ६ कोनांची चालत नाही. १२ कोनांच्या धारा डोक्यात रुततात आणि पकड जास्त ठिकाणी मिळते. मिलिमीटरच्या संचात नेमकं माप न मिळालं तर इंचांतल्या गोट्या बघा: ११/१६ म्हणजे १७.५ ला किंचित कमी, ३/४ म्हणजे १९ च्या किंचित वर, १३/१६ म्हणजे २०.६. ही मधली मापं अशा कामात फार उपयोगी पडतात. गोटी स्वस्तातली घ्या, कारण ती वाया जाणार आहे. पण अगदी पत्र्यासारखीही नको, ती तडकते.

अलॉयमध्ये बोल्टची विहीर खोल असते आणि गोटीची भिंत जाड असेल तर ती विहिरीच्या कडा खरवडते. म्हणून पातळ भिंतीची गोटी शोधा, आणि सोड्याच्या प्लास्टिक बाटलीची एक पट्टी कापून विहिरीत गोल गुंडाळून ठेवा. एवढ्याशा पट्टीने चाकाचा रंग वाचतो. मग गोटी सरळ धरून एक-दीड किलोच्या हातोड्याने ठोका. अर्धवट, घाबरत मारलेल्या टपल्यांनी काम होत नाही, आणि वाकडा घावही नको. पहिले काही घाव पोकळ वाजतात. गोटी डोक्यावर चढत जाते तसा आवाज बदलतो आणि शेवटी घाव भरीव, जड वाजायला लागतात. त्या आवाजानंतर आणखी दोन-तीन घाव घाला आणि थांबा. हेच ठोकणं गंजावरही काम करतं. आट्यांतली पकड धक्क्यानेच निम्मी सैल होते.

आता लांब दांड्याचा पाना लावा. गन नाही, दांडाच. एक हात गोटीच्या डोक्यावर दाबून ठेवा, म्हणजे गोटी तिरकी होणार नाही. दुसऱ्या हाताने घड्याळाच्या उलट्या दिशेने सावकाश, वाढत जाणारा जोर द्या. झटका देऊ नका. सुटतो तेव्हा ‘कट्’ असा एकच कोरडा आवाज येतो आणि दांडा हाताबरोबर येतो. गोटी नुसतीच फिरायला लागली तर लगेच थांबा, पुन्हा ठोका किंवा एक माप लहान घ्या. सतत घसरू दिली तर डोकं गुळगुळीत होतं आणि पुढचा प्रत्येक उपाय अवघड होतो.

बाहेर आलेला बोल्ट गोटीत घट्ट अडकलेला असतो. गोटी व्हाइसमध्ये धरा, पाना बसतो त्या चौकोनी भोकातून एक पंच घाला आणि मागून ठोका. बोल्ट सुटतो, आणि गोटी धड राहिली असेल तर तीच पुढच्या चाकाला वापरता येते.

डोकं आधीच गुळगुळीत झालं असेल तर उलट्या पिळाच्या गोट्या येतात. त्यांच्या आत डावीकडे वळणाऱ्या धारा असतात, आणि तुम्ही सोडायच्या दिशेने जितका जोर लावाल तितक्या त्या डोक्यात शिरतात. असा संच मोठ्या हत्यारांच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळतो. चांगल्या टायरवाल्याने तो ठेवायलाच हवा. काही लॉक बोल्टच्या मध्यभागी खड्डा असतो. तिथे किंचित मोठं टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचं) बिट ठोकून बसवूनही बोल्ट निघतो, पण बिट तुटून आत राहिलं तर ड्रिलचं काम दुप्पट होतं. म्हणून हा उपाय मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

फिरत्या कड्याच्या बोल्टचं प्रकरण वेगळं आहे. कडं मुद्दाम सैल ठेवलेलं असतं, म्हणजे बाहेरून चढवलेली गोटी कड्याला धरते आणि कडं जागच्या जागी गरगर फिरत राहतं. गोटी अतिशय घट्ट ठोकली तर कधीकधी कडं चेपून आतल्या डोक्याला चिकटतं आणि काम होतं. नाही झालं तर आधी कडं फोडून काढावं लागतं आणि मग आतल्या बारीक डोक्यावर लहान गोटी चढवावी लागते. हे काम ज्याने केलेलं आहे त्याच्याकडूनच करून घ्या. छिन्नीचा एक घाव चुकला तर अलॉयला खोल खाच पडते आणि ती भरून निघत नाही.

सगळं हरलं तर ड्रिल. लोकांना याची जास्त भीती वाटते, पण बोल्टच्या गाड्यांत ड्रिलचं काम स्वच्छ होतं. डोक्याच्या बरोबर मध्यावर पंचने खूण करा, ४-५ मिलिमीटरने सुरुवात करा आणि टप्प्याटप्प्याने वाढवत न्या. व्हेंटोचा बोल्ट १४ मिलिमीटरचा आहे, दीडच्या आट्यांचा (दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर). भोक त्या व्यासाला पोहोचलं की डोकं कड्यासारखं सुटून येतं. बिट कोबाल्टचं हवं, वेग कमी, तेल सतत. लॉक बोल्टचा वरचा थर कडक केलेला असतो. साधं बिट त्यावर नुसतं चमकत फिरतं, तापतं आणि पृष्ठभाग आणखी कडक करून ठेवतं. उलट्या हाताचं बिट मिळालं तर तेच घ्या. भोक पाडता पाडताच बोल्ट सुटून फिरायला लागला, असं अनेकदा होतं.

डोकं गेलं की बाकीचे चार काढून चाक उतरवा. हबमधून बोल्टचा एक दांडा बाहेर राहिलेला दिसेल. तो बघून घाबरू नका. बोल्टला घट्ट धरून ठेवणारा ताण डोक्याखाली होता, आणि डोक्याबरोबर तो संपला. बहुतेकदा हा दांडा व्हाइस ग्रिपने धरून वळवला की हातानेच निघतो.

आता तुमच्या टायरवाल्याच्या वेल्डिंगबद्दल. लोखंडी रिमवर, टायर उतरवलेला असताना, बोल्टच्या डोक्यावर नट वेल्ड करून काढणं हा जुना आणि चालणारा उपाय आहे. पण इथे चाक गाडीवरच अडकलेलं आहे, म्हणजे टायर रिमवरच आहे, आणि रिम अलॉयची आहे. तापलेल्या रिममुळे टायरच्या आतलं रबर विघटन पावून पेटणारे वायू तयार होतात, आणि बंद टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. हवा सोडून दिली तरी धोका पूर्ण जात नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण चाकाला दिलेली ताकद त्याच्या कितीतरी आधीच्या तापमानाला कमी व्हायला लागते. म्हणजे ‘थोडा डाग’ दिसतो तिथला धातू मऊ पडलेला असू शकतो, तोही बोल्टच्या बैठकीपाशी, जिथे सगळा भार येतो. शिवाय अर्थिंग चुकीच्या जागी लावलं तर करंट बेअरिंगमधून जातो आणि एबीएसच्या सेन्सरची वाट लागते. त्यामुळे त्यांना नम्रपणे नाही म्हणा. गॅस कटर आणि ग्राइंडर यांनाही तेच उत्तर.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक फरक सांगतो. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, जुन्या फियाट या बोल्टच्या गाड्या. मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटा, टाटा, महिंद्रा यांच्या बहुतेक गाड्यांत हबला स्टड असतात आणि वर नट. गोटी ठोकायचा उपाय दोन्हींकडे सारखाच चालतो. पण नटवर ड्रिल चालवलं तर मधला स्टड जातो आणि तो ठोकून नवा बसवावा लागतो. काही मॉडेलमध्ये त्यासाठी हबच उतरवावा लागतो. म्हणून नटच्या गाडीत गोटी आणि उलट्या पिळाची गोटी यांवर जास्त वेळ द्या, ड्रिल अगदी शेवटी. आणि कुणाकडे जुनी विलीज जीप असेल तर डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. तिथे ‘सोडण्यासाठी’ लावलेला जोर नट आवळत राहतो.

तुमच्याकडे परत येतो. एक बोल्ट निघाला की त्याच बैठकीत उरलेले तीनही काढून घ्या. लोक इथेच थांबतात. पंक्चर झालेलं चाक सुटलं की बाकीचे ‘बघू नंतर’ म्हणून राहतात, आणि नंतर ते परशुराम घाटात पावसात आठवतात. हत्यारं बाहेर आहेत, माप सापडलं आहे, माणूस समोर आहे, तर तासाभराचं काम आजच होऊ द्या.

काढल्यावर हबचे आटे बघा. कापडाने पुसून नवा बोल्ट बोटांनी आत फिरवा. तो शेवटपर्यंत हातानेच जायला हवा. मधे अडला तर आट्यांवरून योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून घ्या, पण पान्याने रेटू नका. आटे गेलेच असतील तर लेथवाल्याकडून नव्या आट्यांचा इन्सर्ट बसवून घ्यायचा किंवा हब बदलायचा. पाचाऐवजी चार बोल्टवर भागवायचं नाही.

नवे बोल्ट घेताना तीन गोष्टी जुळायला हव्यात: आटे, लांबी आणि बैठकीचा आकार. आटे सगळे बघतात, बैठक कुणी बघत नाही. फोक्सवॅगनच्या मूळ चाकाला बोल्टच्या डोक्याखाली गोलाकार, चेंडूसारखी बैठक लागते. बाजारात जास्त मिळतात ते तिरक्या, शंकूच्या बैठकीचे. शंकू गोल खड्ड्यात टेकतो तो एका बारीक रेषेवर. आवळताना घट्ट वाटतो आणि नंतर सैल पडतो. होंडाच्या मूळ अलॉयलाही अशीच गोल बैठक असते आणि तिथेही हाच घोटाळा होतो. चाकं आधीच्या मालकाने बाहेरून लावलेली असतील तर चाकाच्या भोकात बोट घालून आकार बघा आणि त्याप्रमाणे बोल्ट घ्या. लांबी जुन्या बोल्टशेजारी ठेवून जुळवा. मागे ड्रम असलेल्या गाडीत जास्त लांब बोल्ट आत जाऊन ब्रेकच्या भागांना घासतो. आखूड असला तर पकड अपुरी राहते. दीडच्या आट्यांचा १४ चा बोल्ट किमान ९ पूर्ण वेढे आत जायला हवा, तेवढे वेढे मोजूनच मी गाडी सोडतो.

परत लॉक बोल्ट लावायचे का? माझं स्पष्ट मत सांगतो. गाडी रात्री उघड्या रस्त्यावर उभी राहत असेल आणि अलॉय महागाचे असतील तर लावा. चोराला घाई असते आणि चाकामागे एक अडचण बहुतेकदा पुरते. गाडी घराच्या आवारात किंवा सोसायटीच्या गेटच्या आत असेल तर चारही जागी साधे मूळ बोल्ट लावा आणि हा विषय संपवा. चिपळूणसारख्या भरपूर पावसाच्या, दमट हवेच्या भागात अडकलेला लॉक बोल्ट तुम्हाला चोरापेक्षा जास्त छळेल. लावायचेच असतील तर घन डोक्याचे, चांगल्या कंपनीचे, दोन चाव्यांचे घ्या. दिखाऊ, बारीक नक्षीचे आणि फिरत्या कड्याचे टाळा. दुसरी चावी घरात ठेवा, कोडाचा फोटो स्वतःला आणि घरातल्या एकाला पाठवून ठेवा. कोडाचं कार्ड गाडीत ठेवू नका.

चाक बसवताना हबचा चेहरा तारेच्या ब्रशने साफ करा. बोल्टच्या आट्यांना ग्रीस थापू नका. ग्रीसमुळे तोच टॉर्क लावूनही बोल्ट जास्त ताणला जातो. आधी सगळे बोल्ट हाताने फिरवा, मग पाच टोकांच्या चांदणीच्या क्रमाने, एक सोडून एक, दोन फेऱ्यांत आवळा. चाक जमिनीला टेकल्यावर १२०. इतर गाड्यांचे आकडे वेगळे असतात. होंडा सिटीला १०८, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना १०३. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा बघा आणि टायरवाल्याला तो सांगा. लॉक बोल्टवर गन कधीच लावू द्यायची नाही, काढतानाही नाही आणि आवळतानाही नाही. चावीचे दात त्या झटक्यांनीच तुटतात. टायरचं काम असेल तेव्हा चावी तुम्ही स्वतः हातात द्या, पान्यानेच फिरवायला सांगा आणि बिल देण्याआधी परत मागून घ्या.

साधारण ५० ते १०० किलोमीटर चालवून झाल्यावर, चाक गार असताना, पाचही बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा. एखादा वळला तर आणखी ५० किलोमीटरने परत बघा. तोही वळतच राहिला तर बैठक जुळलेली नाही, बोल्ट बदला. आणि स्टेपनी बाहेर काढली आहे तोवर तिच्यातली हवाही बघून घ्या. ही स्टेपनी लोखंडी रिमची असेल तर तिला हेच बोल्ट नीट बसतात ना, हे एकदा घरच्या अंगणात चढवून पाहा.